हिरव्या ठिपक्याची नळी

ऑइल फिल्टर घ्यायला माणसं दुकानात जातात तेव्हा बघतात काय? डब्याचा रंग बघतात. वरचा स्टिकर बघतात. फार तर हातात घेऊन झेलतात, बाजारात दुधी भोपळा झेलावा तसा, आणि मान डोलावतात. अरे मेल्यांनो, पोटात काय आहे ते विचारा की कुणीतरी! मी विचारते. परवाच शिरूरच्या एका दुकानात विचारलं, "दादा, आतली नळी कशी आहे हो? गोल भोकाची का पापणीची?" दुकानदार हसला. म्हणाला, "मावशी, तुम्हाला नळीशी काय करायचंय? गाडी तुम्ही चालवता का?" मी गप्प बसले. गप्प बसायची सवय मला फार आधीच लागली आहे. ती कशी लागली तेच सांगायला बसले आहे.

आधी नळी समजून घ्या, कारण सगळं रामायण त्या वीतभर पत्र्यावरून झालं. फिल्टरच्या डब्यात घड्या घातलेला कागद गोल गुंडाळलेला असतो आणि त्याच्या मधोमध पत्र्याची एक नळी उभी असते. तेल बाहेरून येतं, कागदातून गाळून निघतं, नळीच्या भोकांतून आत शिरतं आणि तिथून इंजिनाकडे जातं. नळी नसेल तर तेलाच्या दाबानं कागदाचा चोळामोळा होईल. आणि नळीची भोकं बंद असतील तर तेल जाणार कुठून? एवढं साधं आहे. शाळेतल्या पोरालाही कळेल. पण डबा बंद असतो ना, म्हणून मोठ्यांना कळत नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, यवतला हायवेच्या कडेला गॅरेज चालवायचे. पत्र्याची शेड, पुढं एक लिंबाचं झाड, मागं आमच्या दोन खोल्या. आमचं घराणं मेंढरांमागं फिरणारं. आजोबांपर्यंत दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणात उतरायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं, हाच आमचा धंदा. आप्पांनी हातातली काठी टाकली आणि पाना धरला. पण मेंढराच्या बाजारातलं शहाणपण काही टाकलं नाही. बाजारात मेंढरू कितीही गुबगुबीत दिसो, आधी त्याचं तोंड उघडून दात बघायचे, लोकरीत हात घालून बरगड्या चाचपायच्या, मगच बोली करायची. तेच आप्पांनी फिल्टरला लावलं.

नव्या पेटीतला पहिला पीस ते कधी गाडीला लावायचे नाहीत. तो व्हाइसमध्ये धरायचे, करवतीनं कापायचे आणि आतली नळी बाहेर काढून धडप्यानं पुसायचे. नळीचं एक टोक तळहातानं दाबायचं, दुसऱ्या टोकाला तोंड लावायचं आणि फुंकायचं. नळी धरलेल्या बोटांना वारा लागला तर माल पास. नाही लागला तर अख्खी पेटी दुकानदाराच्या दारात नेऊन आदळायचे. दुकानदार कुरकुरायचा, "आप्पा, पेटीमागं एक पीस फुकट घालवता तुम्ही." आप्पा म्हणायचे, "एक घालवतो म्हून बाकीचं लावतो." अशी माणसं आता मिळत नाहीत, आणि मिळाली तर आपण त्यांचं काय करतो ते पुढं येईलच.

गॅरेजच्या मागच्या भिंतीला एक तार ताणलेली होती आणि तिच्यात अशा कापून काढलेल्या नळ्या ओवलेल्या होत्या. कितीतरी वर्षांच्या. गिऱ्हाईक चहा पीत बसलं की आप्पा तारेवरची एकेक नळी त्याच्या हातात द्यायचे. गोल भोकाची नळी त्यांची लाडकी. पंच बसला की पत्र्याची टिकली खाली पडते. भोक म्हणजे भोक, तिथं लबाडीला जागा नाही. खोट एवढीच की भोकाच्या काठाला कधी पत्र्याचं कूस राहतं, आणि ते सुटून तेलात गेलं तर पंचाईत. शिवाय टिकल्यांचा पत्रा भंगारात जातो, म्हणून कारखानदारांचा जीव वरखाली होतो.

दुसरी पापणीची. तिचा पत्रा कापून काढत नाहीत. बारीक चीर देऊन एक कड उचलतात, डोळ्याची पापणी उघडावी तशी. पत्रा वाया जात नाही आणि नळी चांगली ताठ राहते. "नीट उघडली तर हिच्यावानी नळी न्हाई," आप्पा म्हणायचे, "पर उघडली तर!" डायचा पंच झिजला की नुसती चीर उमटते, पापणी उचलतच नाही. बाहेरून ओळी तशाच दिसतात, नक्षी तीच राहते, आणि आत सगळं मिटलेलं. तिसरी पिळाची. पत्र्याची लांब पट्टी गोल गोल गुंडाळून केलेली. दाबाला फार चिवट, पण एकदा सांधा सुटला की चकलीसारखी टोकापासून उलगडत जाते. चौथी प्लास्टिकच्या जाळीची, तेव्हा नवीनच आलेली. ती हातात घेऊन आप्पा गिऱ्हाइकाला म्हणायचे, "ही इंजनात नगं घालू बाबा. कासाराकडं दे, बांगड्या तरी हुतील."

मी दहावीपर्यंतचा अभ्यास त्या तारेखाली बसून केला. म्हणून लग्न होऊन शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला गेले आणि तिथून शिरूरच्या बाहेरच्या एका फिल्टरच्या कारखान्यात कामाला लागले, तेव्हा मला काही नवीन शिकावं लागलं नाही. नव्वद सालानंतरचा तो काळ. कारखाने नवे होते आणि नळ्या तपासायला बायका हव्या होत्या, बायकांची नजर बारीक असते म्हणे. आणि पगारही बारीक चालतो, हे कुणी बोलत नव्हतं. मुलाखतीत सुपरवायझरनं एक नळी पुढं केली आणि विचारलं, "हे काय आहे, माहितीये?" मी नळीला तळहात लावला, फुंकली आणि म्हटलं, "पापणीची आहे. खालच्या दोन ओळी कमी उघडल्यात." दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी कामावर हजर.

तपासणीच्या टेबलावर आम्ही तिघी. प्रत्येकीला पापणीची फट मोजायचं एक गेज, रंगाची एक बाटली आणि बारीक कुंचला. जी नळी पास, तिच्या वरच्या काठाला आतून आपल्या रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे पुढं तक्रार आली तर कुणी बघितली होती ते कळावं. एकीचा लाल, एकीचा पिवळा आणि माझा हिरवा. फिल्टरचा डबा बंद झाल्यावरसुद्धा इंजिनाला बसणाऱ्या आट्याच्या भोकातून डोकावलं की तो ठिपका दिसायचा. नळीच्या पापण्या मात्र आतून नुसत्या रेघांसारख्या दिसतात. उघड्या का मिटलेल्या, ते कापल्याशिवाय कळत नाही.

हे सगळं मी आप्पांना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं. "आप्पा, आमचा माल आता यवतच्या दुकानात येणार. आत हिरवा ठिपका दिसला की समजायचं, तुमच्या लेकीनं बघितलंय." पुढच्या खेपेला मी माहेरी गेले तेव्हा आमच्या कारखान्याची पेटी गॅरेजमध्ये आलेली होती. आप्पांनी पहिला पीस हातात घेतला, भोकातून बॅटरीचा उजेड मारून बघितलं आणि हिरवा ठिपका दिसल्यावर स्वतःशीच हसले. करवत काढलेली होती. ती त्यांनी परत खुंटीला अडकवली.

मी म्हटलं, "कापत नाही?"

"लेकीच्या घरनं आलेल्या मेंढराचं दात बघत न्हाईत," आप्पा म्हणाले.

आमच्यात ही रीतच आहे. लेकीच्या सासरहून मेंढरू आलं तर त्याचं तोंड उघडायचं नाही. म्हातारं असो, खोडाचं असो, जसं आलं तसं आपल्या कळपात सोडायचं. तोंड उघडलं म्हणजे लेकीच्या घरावर अविश्वास दाखवला. मला त्या दिवशी केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू! एसटीत बसून न्हावऱ्यापर्यंत मी एकटीच हसत होते. त्या आनंदाची आज मला लाज वाटते.

दोन हजार साल उलटलं असेल. कारखान्यात आम्ही टेंपररी. सात महिने भरले की ब्रेक, मग पुन्हा नवीन कार्ड. असं करत करत माझी पाच-सहा वर्षं गेली होती, आणि त्या वर्षी पर्मनंटच्या यादीत माझं नाव लागलं होतं. एका सकाळी प्रेसवरून नळ्यांचा पहिला क्रेट आला. मी सवयीनं एक नळी ट्यूबलाइटकडे धरली. एरवी पापण्यांमधून उजेडाच्या बारीक रेघा दिसायच्या. त्या दिवशी आत काळोख. दुसरी उचलली, तीही तशीच. तळहात लावून फुंकली तर माझेच गाल फुगले.

मी प्रेसवर गेले. तिथला बिहारचा ऑपरेटर माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पंच घिस गया है दीदी. मैंने तीन दिन पहले बोला साहब को." मग मी साहेबाकडे, म्हणजे सुपरवायझरकडे गेले.

"साहेब, नळीतनं वारा जात नाही."

"वारा कुठं घालायचाय ताई? आपल्याला तेल घालायचंय."

आजूबाजूचे खीः खीः करून हसले. मी म्हटलं, "तेलही जाणार नाही. पापण्या मिटलेल्या आहेत."

तेव्हा त्यानं आवाज खाली आणला. "हे बघा, डाय काढून दुरुस्तीला भोसरीला धाडली की चार दिवस लाइन बंद. लॉट आज गाडीत चढलाच पाहिजे. गेजचं टोक फटीत थोडंफार अडकतंय ना? मग झालं. एकदा डबा बंद झाला की झाकली मूठ सव्वा लाखाची. कोण कापून बघतंय?" आणि जायला वळून पुन्हा थांबला. "तुमचं नाव यादीत आहे, माहितीये ना?"

कोण कापून बघतंय! मला एक माणूस माहीत होता. आणि त्यानंही माझ्याच ठिपक्यासाठी करवत खुंटीला लावली होती, हे मला त्या क्षणी आठवलं. आठवलं नाही असं मी म्हणणार नाही. मी टेबलावर जाऊन बसले आणि हिरवे ठिपके द्यायला लागले. दुपारच्या जेवणापर्यंत क्रेटवर क्रेट संपवले. लाल आणि पिवळ्या ठिपकेवाल्या दोघीही त्या दिवशी रजेवर होत्या, नाहीतर मी ते क्रेट त्यांच्याकडे ढकलले असते. तेवढी मी चांगली नाही.

पोटासाठी केलं असं कुणी म्हणेल. छट्! घरी ऊस होता, गाई होत्या, खायला-प्यायला तोटा नव्हता. मला पर्मनंट व्हायचं होतं. न्हावऱ्यात पर्मनंट झालेली बाई एकही नव्हती. गळ्यात पक्कं कार्ड घालून स्टँडवर उभं राहायचं होतं, सासरच्यांनी "आमची सून कंपनीत पर्मनंट आहे" म्हणायला हवं होतं. बस, एवढ्यासाठी. आणि मनाची समजूत घालायला कारणंही होती. फिल्टर तुंबला तर तेल न गाळताच इंजिनाकडे सोडणारी एक झडप आत असते. म्हणजे इंजिन लगेच मरणार नाही, घाण तेल पीत राहील आणि कधीतरी आजारी पडेल. शिवाय माल काय, नगरला जातो, सोलापूरला जातो. तो यवतलाच जाईल असं कुठं आहे? दर गुरुवारी सुट्टी असायची. त्यातल्या किती गुरुवारी मी माहेरी गेले, आप्पांच्या समोर बसून चहा प्याले. एका वाक्याचं काम होतं. "आप्पा, तेवढी एक पेटी कापून बघा." पण ते सांगायचं म्हणजे ठिपका मीच दिला हेही सांगावं लागलं असतं. जीभ रेटली नाही.

माझा एक दीर आहे, नवऱ्याचा चुलतभाऊ. त्याची दुधाची पिकअप होती. सकाळी न्हावऱ्याचे कॅन भरायचा आणि चौफुल्याच्या रस्त्यानं डेअरीला पोचवायचा. त्याला आप्पांकडे मीच पाठवलं होतं. "नवं तेल, नवा फिल्टर, आणि माणूस खात्रीचा," अशी शिफारसही मीच केली होती. सर्व्हिसिंग होऊन तीन-साडेतीन महिने झाले असतील. भरलेल्या कॅनांसकट ती पिकअप भर उन्हात चौफुल्याच्या अलीकडे खडखडली आणि जागच्या जागी जाम झाली. सगळं दूध नासलं. जवळच्या एका मेकॅनिकनं इंजिन खोललं. बेअरिंग खरवडून गेलेली, तेलात नुसती कचकच. त्यानं फिल्टरकडे बघितलंसुद्धा नाही. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हणाला, "गॅरेजवाल्यानं जुनंच तेल गाळून भरलंय."

मेकॅनिकला याहून घाण शिवी नाही. आणि ती आप्पांना! जो माणूस तेलाचा डबा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत फोडायचा आणि रिकामा डबा त्याच्याच हातात द्यायचा, त्याला!

पुढच्याच गुरुवारी सगळे जीपनं यवतला निघाले. दीर, माझा नवरा, भावकीतले तीन-चार जण. नवरा मला म्हणाला, "तू पण चल. तुझे वडील आहेत, तू असलीस तर शब्द वाढणार नाही." मी गेले. अकराचा सुमार होता. गॅरेजपुढं आम्ही उतरलो आणि दीर खाली पाय टेकताच सुरू झाला. "मामा, तुमच्यावर इस्वास टाकला आन् तुम्ही जुनं त्याल घातलं व्हय आमच्या गाडीत?" हायवेवरची माणसंही थांबली. आप्पांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "फिल्टर आनलाय का?"

दीरानं पिशवीतून फिल्टर काढून दिला. आप्पांनी तो व्हाइसमध्ये धरला, खुंटीवरची करवत काढली आणि सगळ्यांच्या देखत कापायला घेतला. मला करवतीचा आवाज सोसवेना. डबा दोन्हीकडे उघडला. आप्पांनी कागदाच्या घड्या बोटांनी फाकल्या. तेलानं भिजलेल्या होत्या, पण घड्यांत गाळ नव्हता. दीर म्हणाला, "ह्ये बघा! कागद कसा साफ हाय. म्हंजी फिल्टर चांगलाच व्हता. त्यालातच खोट."

सगळ्यांनी माना डोलावल्या. साडेतीन महिने मातीच्या रस्त्यावर पळालेल्या गाडीचा कागद साफ कसा राहील, हा विचार तिथं दोनच माणसांच्या डोक्यात आला. तेल त्या कागदातून गेलंच नव्हतं. नळीनं वाट दिली नाही म्हणून सगळं तेल झडपेच्या आडवाटेनं, घाणीसकट इंजिनात जात राहिलं. आप्पांनी नळी सोडवून काढली. धडप्यानं पुसली. तळहात लावला आणि फुंकली. त्यांचे गाल फुगले, कपाळाची शीर वर आली, आणि वारा काही आला नाही. मग त्यांनी खिशातून चष्मा काढून डोळ्याला लावला आणि नळीचा काठ फिरवून बघितला. ठिपका तेलात बुडूनही हिरवागार राहिला होता. रंग तेवढा आमच्या कारखान्यात चांगला वापरायचे.

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर मी सुटले असते. ते नुसते बघत राहिले. हायवेवरून एक ट्रक गेला, मागोमाग उसाचे दोन ट्रॅक्टर गेले. मी माझ्या चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. पर्मनंटचं पत्र सोमवारी मिळणार होतं. शेजारी नवरा उभा, समोर दीर, भावकी. एक शब्द काढला असता तर कारखाना गेला असता, आणि न्हावऱ्यात "हिनंच आपल्या घरातली गाडी मारली" असं झालं असतं. मी तोंड उघडलं नाही.

आप्पांनी धडपा रॉकेलमध्ये बुडवला आणि नळीचा काठ अंगठ्यानं जोर देऊन पुसला. दोनदा पुसला. मग म्हणाले, "चूक माझी हाय. पेटीतला पैला पीस कापून बगायचा असतुया. म्या कापला न्हाई."

"मंग त्याल जुनंच व्हतं ना?" दीर म्हणाला.

"त्याल नवं व्हतं."

"त्याल नवं, फिल्टर चांगला, मंग इंजन काय दिष्ट लागून ग्येलं व्हय मामा?"

सगळे हसले. माझा नवराही हसला. "गाडी आनून टाका," आप्पा म्हणाले, "इंजन म्या बांधून द्येतो." भावकीतला एक जण परतताना म्हणालाच, "मनात खोट असल्याबिगार कोन फुकट बांधून द्येतंय?" जीपमध्ये मी त्याच्या शेजारीच बसले होते.

सोमवारी मला पत्र मिळालं. सासूबाईंनी आळीत पेढे वाटले. त्या दिवशी यवतला आप्पा त्या पिकअपचं इंजिन खाली उतरवत होते.

इंजिन त्यांनी नव्यासारखं बांधून दिलं. त्याचा काही उपयोग झाला नाही. यवतपासून पाटसपर्यंत गोष्ट पसरली. तिथं साखर कारखान्याचा हंगाम सुरू व्हायच्या आधी उसाचे ट्रॅक्टर तेलपाण्याला आप्पांकडे रांग लावायचे. त्या वर्षी रांग लागली नाही. "जुन्या तेलाचे आप्पा" असं नाव पडलं. हसत हसत पडलं, म्हणून जास्त टिकलं. पुढं मी एकदा गेले तेव्हा मागच्या भिंतीवरची तार रिकामी होती. नळ्या कुठं गेल्या म्हणून मी विचारलं नाही.

विचारलं ते वेगळंच. त्या दिवशी गॅरेजात आम्ही दोघंच होतो. गिऱ्हाईक नव्हतंच. मी म्हटलं, "आप्पा, तुम्ही का नाही सांगितलं? म्हणायचं होतं, फिल्टर हिच्याच कंपनीचा आहे, हिनंच पास केलाय." म्हणजे बघा माझी जात! चूक माझी, आणि वर त्यांच्यावरच फणकारले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

आप्पा लिंबाखालच्या बाजेवर बसले होते. "आपलंच दात आन् आपलंच ओठ," म्हणाले. मग दुसरीकडे बघत, "म्या थांबलो व्हतो की. तू बोलशील म्हून."

मी त्यानंतर तरी बोलायला हवं होतं. दीराच्या दारात जाऊन, भावकीत उभं राहून. नाही बोलले. दीर आजही भेटला की म्हणतो, "वहिनी, तुमच्या वडलांनी तवा आमाला गंडवलं, पर आपल्या मनात काय न्हाई." तो मला माफ करतो. आणि मी हसून त्याला चहा देते.

कारखान्याचं म्हणाल तर चार वर्षांत पत्र्याच्या नळ्या बंद झाल्या. प्लास्टिकची जाळी आली, साच्यातून तयार होऊनच यायची. तपासायचं टेबल उचललं, रंगाच्या बाटल्या फेकून दिल्या. मी पर्मनंट होते, म्हणून मला काढलं नाही, खोके चिकटवायला बसवलं. सुपरवायझर त्याच्या आधीच दुसरीकडे मोठा साहेब होऊन गेला होता.

गिऱ्हाईक आटत आटत गॅरेज बंद झालं, त्यानंतरच्या पहिल्या दिवाळीची गोष्ट. मी न्हावऱ्याहून बेसनाचे लाडू करून नेले होते. आईनं ताट मधे ठेवलं आणि सगळ्यांनी हात घातला. आप्पा दारापाशी बसले होते. त्यांनी एक लाडू उचलला. तोंडाकडे नेला आणि मधेच थांबले. मग खिशातून चष्मा काढून डोळ्याला लावला, लाडू दोन्ही हातांनी फोडला आणि अर्धा तुकडा दाराच्या उजेडाकडे धरून आतून नीट बघितला.

आई म्हणाली, "काय बगताय हो? लेकीनं केल्यात."

"काय न्हाई. चांगला हाय," आप्पा म्हणाले आणि त्यांनी तो खाल्ला. मी ताट पुढं सरकवलं. त्यांनी दुसरा लाडू उचलला आणि तोही फोडून बघितला.